उचंत खात्यातले बत्तीसशे

वसई गावात पारनाक्यापासून हाकेच्या अंतरावर एक जुने किराणा दुकान आहे. सकाळी सात वाजता त्याचा दरवाजा वर जातो, धूप फिरतो, आणि पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत बापुजी गल्ल्याजवळ हात जोडून बसलेले असतात. वय 78. दुकान आता मुलगा पाहतो, मुलाच्या हाताखाली नातू तयार होत आहे. पण सकाळचा पहिला तास बापुजींचा, असा घरात अलिखित करार आहे. कारण या तासात बोहनी होते. आसपासचे मराठी गिऱ्हाईक तिला ‘भवानी’ म्हणते. शब्द कोणताही असो, दिवसाचा पहिला पैसा कपाळाला लावून मगच गल्ल्यात टाकायचा, हा नेम बापुजींनी वडिलांकडून घेतला आणि पन्नासहून अधिक वर्षे पाळला.

हल्ली पहिला पैसा हाताला लागत नाही. दूध आणि पाव घेऊन स्टेशनकडे निघालेला तरुण मोबाइल पुढे धरतो, आणि काउंटरवरची डबी खणखणीत आवाजात सांगते, ‘अठ्ठेचाळीस रुपये प्राप्त झाले.’ सुरुवातीला काही दिवस बापुजी गोंधळून जात. कपाळाला काय लावायचे? डबी? नातवाने थट्टेने तेही सुचवून पाहिले होते. शेवटी त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला: गल्ल्याच्या कोपऱ्यात चांदीचे एक जुने नाणे ठेवले, आणि डबी बोलली की त्या नाण्याला बोट लावून ते कपाळाशी नेऊ लागले. पैसा अदृश्य झाला, नेम राहिला.

वरवर पाहता एवढाच बदल. पण गेल्या भाद्रपदात याच डबीपायी त्या घरात जे घडले, त्यामुळे बत्तीसशे रुपयांचा एक प्रश्न वहीत जाऊन बसला.

बापुजी वसईत आले ते तरुणपणी, सौराष्ट्रातल्या एका खेड्यातून. त्या काळी दळणवळण म्हणजे पोस्टकार्ड, तार आणि लोकलने जाणारा माणूस. पुढे दुकानात टेलिफोन आला, तरी वसईची खाडी मध्ये होती. खाडीच्या अलीकडे 0250, पलीकडे भाईंदरला 022. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याशी बोलायलाही बाहेरगावचा नंबर फिरवावा लागे. मशीद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्याला भाव विचारायचा तर बापुजी भाव आधी कागदावर लिहून घेत, म्हणजे फोनवर एक शब्दही जादा बोलावा लागू नये. शब्द तोलून वापरण्याची त्यांची सवय मूळची संस्कारातली असेलही. पण टेलिफोनच्या बिलाचाही तिच्यात वाटा होता हे ते हसून मान्य करतात.

मोबाइल आला तेव्हाही तो बोलण्यापुरताच होता. त्याचे पैशाशी नाते जुळले 2016 साली, आणि एकाच वर्षात तीन घटना अशा जुळून आल्या की व्यापाराची रीतच पालटली. 11 एप्रिल 2016 रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआयची प्रायोगिक सुरुवात झाली. 5 सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि फोर-जी इंटरनेट, जे तोवर श्रीमंतांच्या फोनमध्ये होते, ते भाजीवाल्याच्या हातात आले. आणि 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे 86 टक्के रक्कम त्या दोन नोटांत होती. रस्ता तयार होता, गाडी तयार होती, आणि लोकांना घराबाहेर पडण्याखेरीज उपाय उरला नाही.

त्या नोव्हेंबरात दुकानाच्या काचेवर पहिले स्टिकर लागले. बापुजींनी विरोध केला नाही. घरात सर्वांना वाटले, वयोमानाने त्यांना काही उमगले नसावे. उमगले होते, आणि ते इतरांहून अधिक उमगले होते. त्यांचे वडील उमेदीत मुंबईच्या एका पेढीवर मुनीम होते, आणि त्या पेढीवरच्या हुंड्यांच्या गोष्टी बापुजींनी लहानपणी पोट भरेपर्यंत ऐकल्या होत्या. रोकड न हलवता पैसा हलवणे ही कल्पना त्यांना नवी नव्हती.

हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेले पत्र: अमक्याला इतके रुपये द्यावेत. दाखवताच वटायची ती दर्शनी, ठरल्या मुदतीनंतर वटायची ती मुदती. शहाजोग हुंडी बाजारात पत असलेल्या शहालाच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच मिळे. त्यामुळे वाटेत चोरी झाली तरी चोराला ती पचत नसे. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोहोचला तरच पैसे, म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदात. हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून मिळे, तीही हरवली तर ‘परपेठ’. आग्र्याच्या जैन व्यापारी-कवी बनारसीदासांनी 1641 साली ‘अर्धकथानक’ या नावाने आत्मचरित्र लिहिले, त्यातल्या व्यापारी जगातही हुंडी सहज वावरते. इतकी ती जुनी आणि घरची. ब्रिटिशांनी 1881 साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज त्यांनी त्या कायद्याबाहेर अबाधित ठेवले.

नातवाने एकदा यूपीआय कसे चालते हे बापुजींना समजावून सांगितले. गिऱ्हाईक काउंटरवरचे चौकोनी चित्र टिपते. त्या चित्रात पैसे नसतात, फक्त पत्ता असतो. गिऱ्हाइकाचा फोन नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या मधल्या यंत्रणेकडे निरोप धाडतो. ती यंत्रणा दुकानदाराचा पत्ता कोणत्या बँकेतला हे शोधते, गिऱ्हाइकाच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते, दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगते, आणि दोन्हीकडे होकार पोहोचवते. हे सारे दोन-चार सेकंदांत. बँका मात्र आपापसांत दर वेळी पैसे पाठवत नाहीत; दिवसातून ठरावीक वेळी देणे-घेणे वजा करून उरलेली रक्कम तेवढी चुकती होते.

बापुजींनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘म्हणजे पेढ्यांचा हिशेबच की. फक्त यात ‘शहा’ कोण हे कोणी विचारत नाही.’

नातवाला तेव्हा त्या वाक्याचा रोख कळला नाही.

पुढची वर्षे वेगाने गेली. दुकानातली टॉफीची बरणी रिकामी राहू लागली, हा त्यातला सर्वांत ठळक बदल. पूर्वी सुट्ट्या रुपयाच्या जागी दोन गोळ्या दिल्या जात. आता सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीसच मिळतात. आगर-वाड्यांतून फुले आणि केळी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या बायका परतताना मोबाइलवरून शंभराचे दोनशे भरून साखर नेऊ लागल्या. लाल लुगड्यातली एक सामवेदी आजी तेवढी अजून कमरेच्या पिशवीतून नाणी काढून मोजते. तिच्या हातून नाणी घेताना बापुजींना विशेष समाधान वाटते, असे सुनेचे निरीक्षण आहे.

देशातले आकडे तर डोळे दिपवणारे. ऑगस्ट 2023 मध्ये एका महिन्यातले यूपीआय व्यवहार प्रथमच 1,000 कोटींवर गेले, आणि दोनच वर्षांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, 2,000 कोटींवर. 2024-25 या आर्थिक वर्षात 18,587 कोटी व्यवहारांतून 261 लाख कोटी रुपये या वाटेने गेले. व्यापाऱ्याला यासाठी शुल्क पडत नाही. 1 जानेवारी 2020 पासून ते शून्य आहे. अर्थात फुकट काहीच नसते, हे व्यापाऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही. हा खर्च कोणी तरी सोसतोच: लहान दुकानांतल्या 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर बँकांना 0.15 टक्के प्रोत्साहन मिळावे म्हणून केंद्र सरकारने 2024-25 साठी सुमारे 1,500 कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. हे कायम असेच चालेल असे धरून धंद्याची गणिते मांडणे शहाणपणाचे नाही.

वेगाविषयी मात्र लोकांचा समज थोडा चुकीचा आहे. 1 ऑक्टोबर 2022 रोजी देशात फाइव्ह-जीचा आरंभ झाला तेव्हा नातवाला वाटले, आता पैसे आणखी झपाट्याने येतील. तसे काही झाले नाही, होणारही नव्हते. पैसे पाठवण्याचा निरोप फारच छोटा असतो. गल्ल्यावरची डबी साध्या सिमकार्डावर निवांत चालते. खरी अडचण वेगाची नसून गर्दीची असते. संध्याकाळी सात वाजता विरार लोकल रिकामी होते, स्टेशनबाहेर हजारो फोन एकाच मनोऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, आणि चाळीस रुपयांचा निरोप मध्येच अडकतो. नव्या जाळ्याचा उपयोग हा की चित्रपट पाहणारी गर्दी दुसऱ्या वाटेने जाते आणि भाजीच्या पैशाला जागा होते. रस्ता रुंद झाला म्हणून बैलगाडी घोडा होत नाही; तिला वाट तेवढी मोकळी मिळते.

आणि रस्ता बंदही पडतो. जुलै 2018 च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेले. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, वीज तोडावी लागली. मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तास तग धरून मुके झाले. ज्यांचा पैसा फोनमध्ये होता, त्यांचा पैसा फोनमध्येच राहिला. बँकेचे एटीएम अंधारात. तेव्हा बापुजींनी मेणबत्तीच्या उजेडात लाल कापडाच्या बांधणीची वही काढली आणि येईल त्याला तांदूळ, डाळ, दूध पावडर लिहून दिली. ओळखीचे, बिनओळखीचे, इमारतीच्या नावावर, काहींचे तर ‘निळी छत्री’ एवढ्याच खुणेवर. पाणी ओसरल्यावर त्यातले बहुतेक पैसे परत आले. ‘निळी छत्री’ आली नाही. ती नोंद अजून त्या वहीत आहे.

त्या दिवसांत बापुजींना सोपाऱ्याची जुनी कथा आठवत असे. वसईहून सोपारा काही फार लांब नाही. ज्या शूर्पारकाच्या स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली केले तेच हे गाव. परंपरा सांगते की बारा वर्षांच्या दुष्काळात इथल्या जिनदत्त श्रेष्ठींच्या घरी लाख मोलाचे धान्य एका वेळेपुरते शिजत होते, आणि ईश्वरी त्यात विष कालवण्याच्या विचारात होती. इतक्यात आर्य वज्रसेन सूरी भिक्षेला आले आणि म्हणाले, उद्या सुकाळ होईल. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदराला लागली. बापुजी ही कथा सांगत आणि पुढे आपले एक वाक्य जोडत: तिथे पैसा होता आणि धान्य नव्हते, आज आपल्याकडे धान्य आहे आणि पैसा फोनात कोंडला आहे.

12 एप्रिल 2025 चा शनिवारही असाच. महावीर जयंती होऊन दोनच दिवस झाले होते. भर दुपारी देशभर यूपीआय अडखळले. डबी गप्प, रांग वाढलेली, प्रत्येक जण आपला फोन हलवून पाहतो आहे. काहींचे पैसे गेले पण दुकानात आले नाहीत. अशा वेळी भांडणे होतात ती नियम ठाऊक नसल्याने. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला दिलेली आणि अडकलेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने शंभर रुपये भरपाई द्यायची आहे. मुलाने त्या दिवशी हे चार गिऱ्हाइकांना शांतपणे समजावले. बापुजींनी अर्थातच वही काढली.

वहीची ही सवय नातवाला जुनाट वाटे. विशेषतः एक गोष्ट: पाचशे रुपयांच्या वरच्या प्रत्येक विक्रीला बापुजी बिलबुकात हाताने बिल करायला लावत. तारीख, वेळ, जिन्नस, वजन, दर. गिऱ्हाईक म्हणे, नको हो काका बिल. बापुजी म्हणत, तुम्हाला नको असेल, मला हवे आहे. संगणकात सगळे असते, असे नातू सांगे. बापुजी ऐकून घेत आणि कार्बन सरळ करत.

राखीपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, ऑगस्ट 2025 मध्ये, एका संध्याकाळी एक अनोळखी माणूस आला. किलोभर बदाम, किलोभर काजू, दोन किलो साजूक तूप. तीन हजार दोनशे रुपये. मोबाइल दाखवला, डबी बोलली, माल गेला. बिल झाले. संशय यावा असे काहीच नव्हते.

27 ऑगस्टला संवत्सरी आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी आल्या. एकीकडे क्षमापना, दुसरीकडे दुकानात गूळ-खोबऱ्याची झुंबड. तो गडबडीचा आठवडा उलटला आणि सोमवारी, 1 सप्टेंबरला, वाशीच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला. त्याचा आवाज अवघडलेला होता. ‘शेठ, काही तरी चूक झाली असेल, पण तुमचा चेक परत आलाय.’

खात्यात पैसे होते. खाते गोठवले होते.

चेक परत येणे म्हणजे काय, हे व्यापारी घरात वाढलेल्या माणसालाच कळेल. हुंडी न सकारली गेली तर पूर्वी पेढीची पत एका दुपारीत जाई. बाजार तोंडावर काही बोलत नसे, उधार तेवढे बंद करी. पन्नास वर्षांत या दुकानाचा एकही चेक परत आला नव्हता. मुलगा बँकेत गेला. तिथे कळले ते इतकेच: दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या सायबर कक्षाकडून सूचना आली आहे, तुमच्या खात्यात फसवणुकीची रक्कम आली आहे. रक्कम 3,200. गोठवलेले मात्र पूर्ण खाते, ज्यात गणपतीच्या हंगामाची सारी विक्री होती.

हे कसे घडते ते प्रत्येक दुकानदाराने समजून घेण्यासारखे आहे. कोणाची ऑनलाइन फसवणूक झाली आणि त्याने 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली की तक्रारीतला पैसा जिथून जिथे गेला त्या साखळीतल्या प्रत्येक बँकेला सूचना जाते. व्यवस्था उत्तम आहे. तिच्यामुळे कितीतरी लोकांचे बुडणारे पैसे वाटेतच अडवले गेले आहेत. पण चोर पैसा खात्यात पडून राहू देत नाही. तो पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो, आणि शेवटी त्याचे बदाम, काजू, तूप होते. साखळीच्या टोकाला उभा असतो तो दुकानदार, ज्याने पैसा घेतला आणि माल दिला. शहाजोग हुंडीत चोराला विचारले गेले असते, तू कोण. इथे डबी फक्त रक्कम सांगते.

केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना सांगितले होते की पोलिसांनी नमूद केलेल्या रकमेपुरतीच अडवणूक ठेवावी. हे वाचायला बरे वाटते. काउंटरपलीकडच्या अधिकाऱ्याला मात्र पत्र हवे असते, आणि पत्र दीड हजार किलोमीटरवरच्या ठाण्यातून यायचे असते.

त्या एकोणीस दिवसांत घरात बरेच काही बोलले गेले. मुलगा संतापला होता. काउंटरवरचे चित्र त्याने स्वतः खरवडून काढले आणि पुठ्ठ्यावर लिहिले, फक्त रोख. जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूच्या दुकानांवर अशाच पाट्या लागल्या होत्या. ती बातमी वाचून तो तेव्हा हसला होता. ज्याचा कर नियमाने भरला जातो त्याला उलाढाल दिसण्याचे भय नसावे, असे त्याचेच म्हणणे. आता तोच पुठ्ठा टांगत होता. पुठ्ठा दीड दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मी गिऱ्हाइके समोरच्या दुकानात गेली, कारण त्यांच्या खिशात रोकड नव्हतीच. सुनेने न बोलता चित्र परत चिकटवले, या वेळी दुसऱ्या बँकेतल्या वेगळ्या खात्याचे. विक्रीचा पैसा त्या खात्यात घ्यायचा आणि रोज रात्री मुख्य खात्यात वळवायचा, म्हणजे पुन्हा असा प्रसंग आलाच तर एका दिवसाची विक्री अडेल, सारा धंदा नाही. ही युक्ती आता वसईच्या बाजारात बऱ्याच जणांनी उचलली आहे.

वाशीच्या व्यापाऱ्याकडे बापुजी स्वतः गेले. लोकलने, या वयात, नातवाला बरोबर घेऊन. चेकची रक्कम त्यांनी सुनेच्या बचतीतून आणि घरातल्या रोकडीतून जमवली होती. व्यापारी म्हणत राहिला, काका, फोन केला असता तरी चालले असते, तुमच्याबद्दल शंका का घेईन? बापुजींनी पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि मग चहाला होकार दिला.

खाते सुटले ते बिलामुळे. नातवाने पोलीस ठाण्याला आणि बँकेला जो मेल पाठवला, त्यासोबत दुकानाचा परवाना, जीएसटीची नोंदणी, आणि त्या संध्याकाळच्या बिलाची कार्बन प्रत होती: तारीख, वेळ, जिन्नस, वजन, दर. व्यवहाराची वेळ आणि बिलावरची वेळ यांत चार मिनिटांचे अंतर. तिकडच्या हवालदाराने फोनवर सांगितले की असे बिल आजकाल कोणी पाठवत नाही. विसाव्या दिवशी बँकेने खाते मोकळे केले आणि 3,200 रुपये तेवढे अडवून ठेवले. नातवाने त्या दिवसापासून कार्बनविषयी अवाक्षर काढलेले नाही.

घराला वाटले, प्रकरण संपले. बापुजींचे मात्र तिथून सुरू झाले.

नातू त्या हवालदाराशी बोलत असताना बापुजींनी एकच प्रश्न विचारायला लावला होता: पैसे मूळ कोणाचे? उत्तर मोघम आले. कोणी पेन्शनर बाई आहेत. बरीच रक्कम गेली आहे. एवढेच.

अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत ते बापुजींना पाठ आहेत, आणि गंमत म्हणजे व्यापाराच्या या नव्या जगाला ते जुने शब्द जसेच्या तसे बसतात. पैसे दिल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणे हा प्रतिरूपक व्यवहारच म्हणायचा. मापात कमी-जास्त करणे हा हीनाधिक मानोन्मान, ज्याच्या भीतीने त्यांनी आयुष्यभर काटा आठवड्यातून दोनदा तपासला. आणि तदाहृतादान, चोरीने आणलेले घेणे. पर्युषणात यावर व्याख्यान ऐकताना हा दोष आपल्या दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत येईल असे त्यांच्या मनातही आले नव्हते. नकळत घेतले त्याला दोष नाही, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांची अडचण वेगळी होती. तेव्हा ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे.

मुलाने वकिलाला विचारले. वकील म्हणाला, तुम्ही माल दिला आहे, तुमच्याजवळ बिल आहे, न्यायालयात दावा सांगता येईल. मुलाचे म्हणणेही चुकीचे नव्हते. ‘बापुजी, बदाम आपले गेले. तूप आपले गेले. चोराने त्या बाईंना लुटले तसे आपल्यालाही लुटले. दोघांत नुकसान कोणी सोसायचे हे न्यायालयाने ठरवावे. आपण आधीच हात वर का करायचे?’

‘मी हात वर करत नाही,’ बापुजी म्हणाले.

‘मग मागायचे?’

‘मागतही नाही.’

‘मग निदान बुडीत लिहून टाकू. हिशेब तर बंद होईल.’

बापुजींनी मान हलवली. बुडीत लिहिणे म्हणजे आपला पैसा बुडाला असे म्हणणे, आणि तो आपला होता की नाही हेच ठरलेले नाही. येणे लिहिणे म्हणजे त्या बाईंवर हक्क सांगणे. नातू म्हणाला, संगणकात दोनच रकाने आहेत बापुजी, जमा किंवा नावे. बापुजींना त्याचे हसू आले.

दिवाळी आली. वसईच्या घरांतून सुकेळ्यांचे, अनारशांचे वास येऊ लागले. निर्वाण कल्याणकाच्या दिवशी बापुजी आगाशीला मुनिसुव्रत स्वामींच्या देरासरात लाडू चढवून आले, आणि दुपारी नव्या वहीचे पूजन झाले. हिशेब आता संगणकात असले तरी एक वही दरवर्षी पुजली जाते. कुंकवाचे बोट, वर श्री, खाली वीर निर्वाण संवत 2552, विक्रम संवत 2082. डबी त्या दिवशी बंद ठेवली होती. सगळे जण पाटाभोवती बसले असताना बापुजींनी जुनी वही उघडली आणि जे पुढे न्यायचे ते पुढे ओढायला सुरुवात केली. काही उधाऱ्या, एका गड्याची उचल, वाशीचे देणे.

मग त्यांनी नव्या वहीच्या शेवटाकडचे एक कोरे पान काढले आणि वर मोडीच्या वळणाच्या आपल्या अक्षरात लिहिले: उचंत खाते. ज्या रकमेचे घर अजून ठरलेले नाही ती या खात्यात ठेवायची, ही मुनिमांची जुनी रीत. त्याखाली पहिली नोंद 2018 ची, वर्षानुवर्षे पुढे ओढत आणलेली: निळी छत्री, एकशे सत्तर रुपये. दुसरी नोंद नवी. रुपये तीन हजार दोनशे. नावाच्या जागी त्यांनी पेन टेकवले, थोडे थांबले, आणि जागा तशीच कोरी ठेवून वही नातवाच्या हातात दिली.